अकरा मिनिटांचा जबाब

दुक्मच्या सुक्या गोदीत, तीन नंबरच्या क्रेनवर
दाऊद हमदुले अकरा मिनिटं थांबला,
खाली जहाजाच्या पंख्याचं पातं लोंबकळत.
चौकशी त्या अकरा मिनिटांची होती.
आकाश त्यात नंतर आलं.

दुभाष्या म्हणून मला बोलावलं.
मी धुळ्याचा, समुद्र मला नोकरीत भेटला,
अरबी शिकलो स्टोअरच्या खिडकीत:
नट, वॉशर, ग्रीस, उद्या ये.
एवढ्या भांडवलावर
एका माणसाचं आभाळ मी पलीकडे नेणार होतो.

मुलाझिम सालिम अल जुनैबी.
आपल्याकडे मुलाजिम म्हणजे चाकर,
इथे त्याच्या खांद्यावर चांदणी असते.
समोर छापील फॉर्म: आकार, रंग, दिशा, वेग.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

आकार?
"खेकड्याच्या पोटासारखा," हमदुले म्हणाला. "खालून बघितल्यावर."
मला खेकडा येईना.
हातांच्या नांग्या करून दाखवल्या,
दाराशी उभा शिपाई हसला.
शेवटी नाइलाजानं मी तबकडी म्हणालो
आणि मुलाझिमनं मान वर केली: तबक?
शब्द माझ्या आधी पोचला होता.
कधीकाळी गलबतातून त्यांच्याकडूनच आलेला,
माहेरी गेल्यासारखा रकान्यात जाऊन बसला.
"मी तबकडी म्हटलेलं नाही," हमदुले म्हणाला. "खोड ते."
खोडलं नाही.

वेग?
"अलगद."
एकोणीस वर्षांत हा शब्द मला लागला नव्हता,
स्टोअरमध्ये काहीच अलगद येत नाही.
मी "हळू" दिलं.
सवय. मागितलेला साइज नसला
की जवळचा द्यायचा.

मग साखर आहे का, चष्मा कधीपासून,
किती झोपलास, काय खाल्लंस.
"डाळ, दोन खबूस."
फोटो?
केबिनमध्ये मोबाइल नेता येत नाही, नियम कंपनीचाच.
कंपनीचा माणूस खिडकीबाहेर बघू लागला.

तेव्हा मी मराठीत, नजर कागदांवर ठेवून म्हणालो,
"दाऊदभाई, वारा म्हणा.
वाऱ्यासाठी क्रेन थांबवता येते. वाऱ्याला रकाना आहे.
सगळे जेवायला जाऊ."
तो माझ्याकडे बघत राहिला,
सत्तर मीटर उंचीवरून बघतात तसं.
"वारा नव्हता रे.
झेंडा काठीला चिकटून होता.
त्याला कशाला मधे घेतोस?"

काय म्हणतो? मुलाझिमनं विचारलं.
वारा नव्हता म्हणतो.
त्या दिवशी एवढंच एक वाक्य
मी न सांडता नेलं.

फॉर्म मिटला. पेनाला टोपण लागलं.
आणि मग मुलाझिम म्हणाला, आवाज होता का?
ह्याला रकाना नव्हता.
"नाय. कान धुतल्यासारखं झालं."
मी तोंड उघडायच्या आत
मुलाझिमनं मान हलवली, दोनदा.
त्याला काय पोचलं, मला माहीत नाही.

निकाल आठवड्यानं आला: झुहरा.
म्हणजे शुक्र.
हमदुले हर्णैच्या तांडेलाचा मुलगा, पोट धरून हसला.
"तो दीड तासानं उगवला, नेहमीच्या जागी.
मी बघितला ना त्याला. बिचारा,
नसत्या भानगडीत सापडला."
सही मात्र केली. घरी दोन मुली शिकतायत.

अलगद मी अजून विचारत असतो,
सूरच्या ट्रकवाल्याला, सुदानी कंपाउंडरला.
ज्यानं त्यानं वेगळंच काहीतरी दिलं,
एकानं तर कापूस.

महिनाअखेर त्याच्या पगारपत्रकावर एक ओळ आली:
कपात, एकशे ऐंशी बैसा. कारण, अकरा मिनिटं.
एका चहाचे पैसे, वर थोडी चिल्लर.
वाटलं, भांडायला जाईल.
त्यानं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून
पासपोर्टच्या झेरॉक्सखाली ठेवलाय.
कुणी नवीन पोरगं खोलीवर आलं की काढून दाखवतो.
"हे बघ," म्हणतो, "शिक्क्यासकट.
मी थांबलो होतो."